ठेकेदाराचे साडेसोळा की अप्रेंटिसचे साडेनऊ?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ बार्शीहून टर्नर (लेथवर धातू कापून घडवणारा) ट्रेडचा आयटीआय पास झालाय. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत हातात १६,५०० मिळतायत, ओव्हरटाइम वेगळा. भोसरीची एक टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारं वर्कशॉप, त्याला वर्षभर अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार आहे, पण महिना ९,५०० देते. खोली आणि मेस धरून ६,५०० जाणार. वडील म्हणतात, दोन वर्षं शिकून पुन्हा शिकायचंच होतं तर आयटीआय कशाला केला? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की सगळे कारखानदार कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून ओरडतात, मग कुशल मुलाला कुणी नीट पगार का देत नाही?

मी स्वतः आयटीआय टर्नर. १९९४ साली अप्रेंटिस म्हणून लागलो, पुढे नोकऱ्या केल्या आणि गेली अठरा वर्षं भोसरी एमआयडीसीत टूलरूम चालवतोय. माझ्याकडे बावीस माणसं आहेत. दरवर्षी तीन अप्रेंटिस घेतो. तुमच्या भावाला बोलावणारी टूलरूम माझी नाही, ती कुणाची हेही मला माहीत नाही.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. कारखानदार 'माणूस मिळत नाही' म्हणतो तेव्हा त्याला सेटर हवा असतो. आयटीआयमधून जो बाहेर पडतो तो सेटर नसतो. या दोघांच्या मधलं अंतर बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून जरा उलगडून सांगतो.

सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर, ऑपरेटरचं काम असं: जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावायचा, दार बंद करायचं, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं, जॉब काढायचा, बर (कडेला राहिलेली धारदार किनार) काढायची, गेज लावून माप पाहायचं आणि पुढचा लावायचा. शिफ्टला तीनशे-चारशे वेळा. हे काम कष्टाचं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण चलाख मुलाला ते चार दिवसांत येतं, आणि चार वर्षांनीही तो तेच करत असतो. सेटर म्हणजे जो नवं ड्रॉइंग हातात आल्यावर जॉब कसा पकडायचा ते ठरवतो, सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) बोअर करतो, कोणतं इन्सर्ट (कापणारं पातं) लावायचं ते सांगतो, टूलचे ऑफसेट (टूलच्या जागेची मापं) घेतो, पहिला पीस काढून मोजतो आणि माप चुकलं तर का चुकलं ते शोधतो. चुकण्याचं कारण प्रोग्राममध्ये असेल, जीर्ण झालेल्या इन्सर्टमध्ये असेल, चकच्या रनआउटमध्ये (वाकडं फिरण्यात) असेल किंवा मोजणाऱ्याच्या हातातही असेल. यातलं नेमकं कुठलं, हे ओळखायला वर्षं लागतात आणि अनेक जॉब वाया जावे लागतात.

एक उदाहरण देतो, माझ्याच हातून घडलेलं. अप्रेंटिसशिपच्या सहाव्या महिन्यात मला एक शाफ्ट टर्न करायला दिला होता. व्यास १०० मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तोही सगळा खालच्या बाजूला. म्हणजे शंभराच्या वर एक मायक्रॉनही चालणार नाही आणि ९९.९७८ च्या खालीही नाही. मी फायनल कट घेतला, मायक्रोमीटर लावला, ९९.९९ आलं. खूश झालो. तासाभराने मिस्त्रींनी मोजलं तर ९९.९६७. जॉब बाद. माझा विश्वास बसेना, मीच तर मोजला होता. त्यांनी मला काहीही न बोलता तो शाफ्ट हातात दिला आणि विचारलं, 'मघाशी हातात धरवत होता का?' नव्हता. कटिंगमुळे तो चांगलाच तापला होता. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा वीस अंशांनी तापला की साधारण २३ मायक्रॉनने फुगतो. म्हणजे माझा संपूर्ण टॉलरन्स त्या उष्णतेतच गेला होता. पुस्तकातलं प्रसरणाचं सूत्र मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण गरम जॉब मोजायचा नसतो हे मी त्या दिवशी शिकलो, आणि तीस वर्षांत विसरलो नाही.

त्या शाफ्टचे पैसे कंपनीचे गेले. मिस्त्रींनी वरिष्ठांना सांगितलं की पोरगं शिकतंय. ताई, तुमच्या भावाला जिथे जॉब बिघडवायची मुभा आहे आणि बिघडलेला जॉब हातात घेऊन समजावणारा माणूस आहे, तिथे तो सेटर होईल. जिथे ही मुभा नाही, तिथे तो दहा वर्षं राहिला तरी बटणच दाबेल.

आता वडिलांचा प्रश्न. दोन वर्षांत आयटीआयने मग काय शिकवलं? पुष्कळ शिकवलं, आणि तिथे शिकवणाऱ्या निदेशकांना दोष देणं मला पटत नाही. वीस मुलांची तुकडी असते, चालू स्थितीतले लेथ मोजके असतात, सीएनसी मशीन असलं तर एखादंच. एका मुलाच्या वाट्याला मशीन येतं किती वेळ? त्यात सरावाचा जॉब असतो माइल्ड स्टीलचा, त्याची कुणी वाट पाहत नसतं आणि तो बिघडला म्हणून लाइन थांबत नसते. फाइल कशी धरायची, व्हर्निअर कसा वाचायचा, थ्रेड कसा काढायचा, ड्रॉइंगमधला सेक्शन कसा ओळखायचा हा पाया तिथे पक्का होतो. बाकीचं शॉपमध्येच, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या जागीच, यायचं असतं, आणि योजना मुळात तशीच आखलेली आहे. १९५० पासून आयटीआयचं शिक्षण आहे, १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. आयटीआयनंतर वर्षभर कारखान्यात, ही त्या शिक्षणाची दुसरी पायरी. जर्मनीत मशीन मेकॅनिकच्या धंद्यातला मुलगा साडेतीन वर्षं आठवड्याचे काही दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात काढतो, तेव्हा कुठे त्याला कारागीर म्हणतात. आपल्याकडे दोन वर्षांच्या सर्टिफिकेटवर त्याने पहिल्या दिवसापासून उत्पादन द्यावं अशी अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही की मालक म्हणतो पोरांना काही येत नाही, आणि पोरगा म्हणतो शिकून उपयोग नाही. दोघंही आपल्या जागेवरून खरंच बोलत असतात.

पण मालकांच्या बाजूचं सगळंच बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. आमच्यातले बरेच जण तयार माणूस शोधतात आणि तयार करायचा खर्च दुसऱ्याने करावा असं मानतात. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक आहे. माझ्यावर बंधन नाही, तरी घेतो. शेजारचे विचारतात, तू शिकवतोस आणि मोठी कंपनी पळवते, मग कशाला? खरं आहे, तिघांतले दोघे जातात. पण गेल्या अठरा वर्षांत माझ्याकडे जे चार पक्के सेटर टिकलेत ते सगळे माझेच अप्रेंटिस होते. बाहेरून जास्त पगार देऊन आणलेला एकही दोन वर्षांच्या वर राहिला नाही. जे गेले त्यातला एक आज एका ग्राहकाच्या क्वालिटी विभागात आहे आणि माझा जॉब नाकारताना कारण मायक्रॉनमध्ये सांगतो. मला त्याचा अभिमान आहे.

आता पैशाचं. फरक महिन्याला ७,००० चा, वर्षाला ८४,००० चा. शेतकरी घरात ही रक्कम लहान नसते आणि 'भविष्याकडे बघा' असं सांगून मी ती उडवून लावणार नाही. घरी कर्जाचा हप्ता चालू असेल, कुणाचं आजारपण असेल, तुमच्या लग्नाचे पैसे फेडायचे असतील, तर भावाने चाकणला जावं आणि त्याबद्दल त्याला कुणी कमीपणा देऊ नये. हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती मला इथून दिसत नाही. पण ठेकेदाराच्या साडेसोळात काय आहे ते पुरतं बघून घ्या. अशा कामांत सात-आठ महिन्यांनी 'ब्रेक' देतात. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने काही संरक्षण मिळतं, ते लागू होऊ नये म्हणून ही पद्धत पडलीय. ब्रेकनंतर पुन्हा घेतीलच याची खात्री नसते. म्हणून बारा महिन्यांचा हिशोब मांडताना एक-दोन महिने बिनपगारी धरा. दुसऱ्या बाजूला, ठेकेदाराकडे पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जातो, तो हक्क अप्रेंटिसला नसतो. कायद्याच्या नजरेत अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. सुरक्षिततेच्या आणि आरोग्याच्या तरतुदी त्याला लागू असतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाई मालकाला द्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

९,५०० तसे कमी नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय झालेल्या मुलासाठी किमान विद्यावेतन ७,००० ठरलं होतं. हा दर बदलत असतो, म्हणून सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर आजचा दर पाहून घ्या. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा पाव भाग, जास्तीत जास्त १,५००, सरकार देतं आणि २०२३ पासून तो थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यामुळे कंपनीकडून हातात आठ हजारच आले तर लगेच फसवलं असं समजू नका, पण हे सांगितलेले साडेनऊ सरकारचा हिस्सा धरून आहेत की सोडून, हे आधीच विचारा. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर तो हिस्सा महिनोन् महिने अडकतो. माझ्याकडे एका मुलाचं असं झालं होतं, पाच महिने बिचारा वाट पाहत होता.

आणि ओव्हरटाइम. अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. त्यासाठी सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते आणि ती शिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच मिळते. टूलरूमवाला मुलाखतीतच 'बारा तास थांबावं लागेल' म्हणाला तर त्याला मुलगा शिकवायचा नाहीये, स्वस्तात हात हवेत.

इथे मी सगळ्यात जास्त जोर देईन. अप्रेंटिसशिप हा शब्द ऐकून निर्णय घेऊ नका, ते शॉप बघून घ्या. मी सांगितलं ती कंपनी, जिथे माझा शाफ्ट बिघडला, ती माझी दुसरी जागा. पहिल्या जागी पहिले तीन महिने मी चिप्स (कापलेल्या धातूचा चुरा) भरल्या, मशीन पुसली आणि स्टोअरमधून सामान आणलं. तक्रार केली तर म्हणाले, सगळे असंच शिकतात. कुणीही असं शिकत नाही. मी धडपड करून बदली करून घेतली म्हणून वाचलो. माझ्याबरोबरचे दोघे तिथेच राहिले, वर्षभराने परीक्षेत नापास झाले आणि धंदाच सोडून गेले. त्यातला एक माझ्यापेक्षा हाताने चांगला होता. ते मला आजही लागतं.

म्हणून भावाला सांगा, होकार देण्याआधी अर्धा दिवस ते शॉप बघायला माग. जो मालक 'आधी सही, मग आत' म्हणतो तिथे जाऊ नये. आत गेल्यावर त्याने आधीच्या वर्षीच्या अप्रेंटिसला गाठावं, मालकाला नाही. तू कोणकोणत्या मशीनवर किती महिने होतास? पहिल्यांदा स्वतः सेटिंग कधी केलंस? तुला कोण शिकवतं, त्यांचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला मुलगा चटकन नाव घेऊन उत्तर देत असेल तर अर्धी खात्री झाली. 'सगळेच शिकवतात' असं म्हणाला तर कुणीच शिकवत नाही. मग मापाची हत्यारं बघावीत. अप्रेंटिसला मायक्रोमीटर हातात मिळतो की तो कपाटात कुलपात असतो? सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या सपाट प्लेटवर, चहाचे कप ठेवलेले आहेत का? हे लहान वाटेल, पण ज्या शॉपमध्ये मोजण्याला मान नाही तिथे टर्नर घडत नाही. जुना साधा लेथ अजून चालू असेल तर चांगलंच. माझ्याकडे तिन्ही मुलं पहिले चार महिने साध्या लेथवरच असतात. टूल घासलं गेलं की आवाज कसा बदलतो, चिपचा रंग निळा का होतो, कट खोल घेतला की जॉब कसा थरथरतो, हे हँडलवर हात असल्याशिवाय कळत नाही. सीएनसीचं दार बंद असतं, कूलंटचा फवारा असतो, आत काय चाललंय ते दिसतही नाही. ज्याचे कान साध्या लेथवर तयार झालेत त्याला ते ऐकू येतं.

नोकरीच्या हमीबद्दल तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण वडिलांच्या मनात ते असणार. करारात तशी अट लिहिलेली नसेल तर वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन मालकावर नसतं. १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मुलं एकमेकांना पाठवत असतात. तो उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या अप्रेंटिसचा आहे. त्यात म्हटलंय ते इतकंच की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला सरळ भरतीतल्या उमेदवाराआधी प्राधान्य मिळावं. ती नोकरीची हमी नव्हे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना मात्र रेल्वेच्या सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव आहेत. रेल्वेच्या अप्रेंटिसशिपला वयाची साधारण अट चोवीस वर्षांची असते आणि निवड दहावी-आयटीआयच्या गुणांवर होते. भावाचे गुण चांगले असतील तर हा तिसरा रस्ताही उघडा ठेवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कौल टूलरूमकडे आहे, शॉप पाहिल्यावर मन भरलं तर. आईवडिलांना वर्षभर पैसे न पाठवता घर चालत असेल तर ६,५०० जाऊन ३,००० उरतात, त्यात मुलगा निभावून नेतो. मीही नेलं होतं. माझ्याकडे चार वर्षांत सेटर झालेल्या मुलाचा पगार आज नव्या ऑपरेटरच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे त्या ८४,००० ची भरपाई होते, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पहिल्या नाही. वडिलांना हे असंच सांगा, आधीची दोन वर्षं तंगीचीच जातील हेही सांगा. आणि शॉप पाहून मन भरलं नाही तर बेधडक चाकणला जाऊ दे. वाईट अप्रेंटिसशिपपेक्षा साडेसोळा हजार केव्हाही बरे. तिथे गेला तर मात्र लाइनवरच्या सेटरशी ओळख वाढवावी, शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास थांबून तो सेटिंग कसं करतो ते पाहावं, वहीत लिहावं. असे दोन-तीन जण मला माहीत आहेत जे या वाटेनेही वर आले. वाट लांबची आहे, बंद नाही.

आता कागदांचं. 'ट्रेनी' असं लिहिलेलं कंपनीचं पत्र, २०२४ ला सुरू झालेली राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि बोलताना तिन्हींना लोक अप्रेंटिसच म्हणतात. राज्याच्या योजनेत आयटीआयवाल्याला ८,००० मिळतात, पण शेवटी ट्रेडची परीक्षा आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही. ते फक्त तिसऱ्या प्रकारात मिळतं, आणि तिथेही ट्रेड 'नियुक्त', म्हणजे सरकारने ठरवलेला, असेल तर. कायद्यात २०१४ पासून 'ऐच्छिक', म्हणजे मालकाने ठरवलेले, ट्रेडही आलेत. गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला, दुसरीकडे वर्षभर लेथ चालवून. करारावर त्याचा ट्रेड एक ऐच्छिक मशीन ऑपरेटरचा होता. टर्नरच्या परीक्षेला बसता आलं नाही, ते वर्ष कागदावर उतरलंच नाही. करार पोर्टलवर नोंदला की त्याची प्रत भावाच्या लॉगिनला दिसते. सही करण्याआधी ती उघडा आणि ट्रेडच्या रकान्यात 'टर्नर' लिहिलंय का, ते पहिल्यांदा पाहा.